डोळ्यांची जागा

पहिल्या सोमवारी पिवळा गेला.

म्हणजे कुणी चोरला नाही, रीतसर गेला. भांडारपालकाका हातात ट्रे घेऊन माझ्या बायकोच्या टेबलापाशी आले. ट्रेवर धुतलेला पांढरा रुमाल अंथरलेला होता. खाली बघत ते म्हणाले, "पिवळा द्या, वहिनी."

"कुणाला हवाय?"

"कुणालाच नकोय. म्हणून तर न्यायचाय."

आमची कार्यशाळा लाकडी बाहुल्यांची. दोऱ्यांवर नाचणाऱ्या, रंगमंचावरच्या बाहुल्या. मी डोकी कोरतो, बायको त्यांचे चेहरे रंगवते. अठ्ठावीस वर्षं आमची टेबलं एकमेकांना लागून आहेत. लग्न दोन वर्षांनी झालं, टेबलं आधी लागली. मी डोकं कोरून तिच्याकडे सरकवायचं, तिनं त्याला डोळे द्यायचे. माझ्या हातून जातं तेव्हा ते लाकूड असतं आणि तिच्या हातून निघतं तेव्हा ते कुणीतरी असतं. हे मी तिच्यासमोर कधी बोललेलो नाही, कारण मग ते मला घरीही ऐकावं लागलं असतं.

पिवळा गेला तो नव्या संचालकांच्या हुकमावरून. हुकूम हा शब्द त्यांना आवडायचा नाही. ते त्याला 'सुचवणं' म्हणत. माणूस मऊ आवाजाचा, कधी कुणावर ओरडला नाही. ओरडणाऱ्या साहेबापुढे कसं वागायचं हे नोकरीत आपोआप शिकता येतं. मनापासून कौतुक करणाऱ्या साहेबापुढे काय करायचं ते कुणी शिकवत नाही. पहिल्याच सभेत त्यांनी सांगितलं की कलावंताला सगळं दिलं की तो सुस्तावतो. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुमच्याकडे अकरा हत्यारं आहेत. त्यामुळे तुम्हाला विचार करावा लागत नाही. हत्यारंच विचार करतात."

मला ते वाक्य तेव्हा आवडलं होतं. मी मानही डोलावली होती.

सभेनंतर परिपत्रक निघालं, त्याच्या माथ्यावर 'कमीतून कमाल' असं छापलेलं होतं, आणि त्याच दुपारी संचालकांचं नाव कमीसाहेब पडलं. हसून घेतलं आम्ही. तेवढं एकदाच.

कारण पुढे जे झालं त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. कमीसाहेबांचं म्हणणं खरं निघालं.

पिवळा नाही म्हटल्यावर बायकोला कातडीचा रंग जमेना. दोन दिवस ती चिडचिडली, तिसऱ्या दिवशी तिनं गालांवर रंग लावायचाच सोडून दिला. उघडं लाकूड राहू दिलं आणि त्याच्याभोवती नुसती तांबूस कड फिरवली. तो गाल असा दिसला की वाटावं, बोट लावलं तर ऊब लागेल. बाहुल्यांचे खेळ करणारे खेळवाले न्यायला आले, ते डोकं हातात घेऊन बराच वेळ बसून राहिले. मग निळा गेला, हिरवा गेला. दर सोमवारी सकाळी दहाच्या सुमारास जिन्यात काकांच्या किल्ल्या वाजायच्या आणि आमच्या खोलीतली माणसं आपापल्या टेबलावरच्या वस्तूंवर हात ठेवायची. माझी गोल पटाशी गेली, तिरकी गेली, दोन्ही कानशी गेल्या. दहाव्या आठवड्यात माझ्याकडे एक सुरी उरली.

एका सुरीनं केसांच्या बटा निघत नाहीत आणि कानाच्या पाळीचं वळण जमत नाही. मग मी सोडून दिलं. पूर्वी आमचा म्हातारा म्हणजे सत्तावीस सुरकुत्या असायच्या, मी मोजून काढायचो. आता तीन फटक्यांत म्हातारा होऊ लागला. तो पूर्वीच्यापेक्षा जास्त थकलेला दिसायचा आणि शेवटच्या रांगेतूनही तेवढाच थकलेला दिसायचा. ते डोकं कमीसाहेबांनी दारातल्या काचेच्या कपाटात ठेवलं. येणारेजाणारे त्याच्यासमोर थांबत आणि आवाज खाली करून बोलत. मला अभिमान वाटला. अभिमान वाटला की भीतीही वाटायची, हे त्याच सुमारास सुरू झालं.

भीती का वाटायची, ते माझ्या ताईमुळे कळलं.

ताई माझ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठी, आमच्याच घरात मागच्या खोलीत राहते. बाहुल्यांचे कपडे तिच्याकडे होते. तिचं रेशमी कापड गेलं, जरीची गुंडाळी गेली, शेवटी पोत्याचं कापड उरलं. त्या पोत्यातून तिनं राजाचा अंगरखा शिवला. धागे उलटे काढून, कडा कुरतडून असा काही शिवला की राजा गादीवरून उतरवला गेलाय हे त्याच्या खांद्यावरूनच कळावं. कमीसाहेब तो अंगरखा हातात घेऊन गहिवरले. गहिवरूनच म्हणाले, "आता कापडाशिवाय बघू या का?"

कापडाशिवाय म्हणजे खांदे मीच लाकडात कोरायचे. मी कोरले. चांगले झाले. आणि पुढच्या सोमवारी ताईची बदली गोदामात झाली.

गोदाम शहराच्या दुसऱ्या टोकाला आहे. तिथे खोक्यांवर चिठ्ठ्या चिकटवतात. "बरं आहे," ताई म्हणाली. "पंखा आहे." संध्याकाळी जेवताना मी बघितलं, ती वाटी खाली ठेवली की तिच्यावर अंगठा दाबायची, दोनदा, मग दुसरी वाटी. हे तिच्या लक्षातही नव्हतं. ही तीच बाई, जिला बसमध्ये परक्या माणसाची उसवलेली शिवण दिसली तरी राहवायचं नाही. आता माझ्या सदऱ्याचं बटण आठवडाभर लोंबतंय, ती समोर बसते, बटणाकडे बघते, आणि काही म्हणत नाही.

एका रात्रीपुरती नव्हे, रोजची झोप गेली माझी. नियम अगदी सरळ होता. ज्याचं काम सुधारेल त्याचं सामान जाईल आणि सामान संपलं की माणूस जाईल.

"मग वाईट करायचं," सांधेदुखी म्हणाला. हा बाहुल्यांचे हातपाय आणि सांधे करतो, आणि जन्मभर कुरकुरत आलाय, म्हणून हे नाव. "सोपं आहे. मी आजच करतो."

त्यानं खरोखर वाईट हात केला. बोटं तीन, कोपर भलत्याच बाजूला वाकणारं. कमीसाहेबांनी तो उलटसुलट करून पाहिला. "तुम्ही अडकलाय," ते हळुवारपणे म्हणाले. "तुमच्याभोवती अजून फार गोष्टी आहेत." आणि काकांनी त्याची खुर्ची नेली. तेव्हापासून सांधेदुखी उभ्यानं काम करतो. त्याचं काम सुधारलंय, हे त्याहून वाईट.

तरी आम्ही नवराबायकोनं एक वाईट डोकं करायचं ठरवलं. अठ्ठावीस वर्षांच्या अनुभवानंतर एवढं जमायला हरकत नव्हती. मी नाक वाकडं कोरलं. तिनं एक डोळा मोठा आणि एक बारीक काढला. झालं होतं. द्यायला उचललं, तर ती म्हणाली, "थांबा, एवढा एक ठिपका देते."

"कशाला?"

"फारच वाईट दिसतंय हो."

"अगं, वाईटच दिसायचंय!"

"हो, पण नीट वाईट दिसू दे की."

तिनं बारीक डोळ्याच्या कोपऱ्यात लाल ठिपका दिला. ठिपका दिल्यावर मला नाक खटकायला लागलं, म्हणून मी नाकपुडीचा एक पदर काढला. मग तिनं भुवई जराशी उचलली. आम्ही दोघं शुद्धीवर आलो तेव्हा टेबलावर एक माणूस होता ज्याला शेजारच्या घरात काय शिजतंय ते नक्की कळलेलं होतं. कमीसाहेब त्याच्यासमोर दहा मिनिटं उभे राहिले. चष्मा काढून पुसला. "याला कसला तरी संशय आलाय," असं म्हणून त्यांनी मागे वळून बघितलं, जणू संशय त्यांचाच होता.

सोमवारी लाल गेला. उरला काळा.

गुरुवारी जिन्यात काकांनी मला गाठलं. किल्ल्या वाजू नयेत म्हणून त्यांनी जुडगा मुठीत धरला होता. "या सोमवारी काळा," ते कुजबुजले. "ब्रशसुद्धा. मी बोललो म्हणून सांगू नका. माझं निम्मं कपाट आधीच माझ्याकडून काढून घेतलंय."

"कपाट काढून घेतलं? मग आमच्या वस्तू ठेवता कुठे?"

काकांनी मुठीतला जुडगा आणखी आवळला आणि ते जिना उतरून गेले.

दुपारी कमीसाहेबांनी आम्हा दोघांना बोलावलं. त्यांच्या खोलीत खुर्ची नव्हती. टेबलाचे दोन पाय काढलेले होते आणि ती बाजू खिडकीच्या कठड्यावर टेकवली होती. टेबलावर एक पेन्सिल, बोटाच्या पेराएवढी. हा माणूस ढोंगी असता तर मला इतकी भीती वाटली नसती. ढोंगी माणूस कुठेतरी थांबतो.

"एक डोकं रंगाशिवाय करू या," ते म्हणाले. "सोमवारी खेळवाले येतील, दिव्याखाली बघतील. नाही जमलं तर काळा परत, ब्रश परत. लेखी देतो. मी काही हट्टी नाही."

"आणि जमलं तर?" बायकोनं विचारलं.

"तर तुमची नजर इथे वाया कशाला घालवायची, बाई? गोदामात चांगल्या नजरेची फार गरज आहे. खोके मोजताना चुका होतात."

बाहेर आल्यावर ती जिन्यात थांबली. "म्हणजे तुम्ही नापास व्हायचं."

"हो."

"जमेल?"

"प्रयत्न करतो."

शुक्रवारी सकाळी मी लाकूड घेतलं आणि आंधळं डोकं करायला बसलो. मनात पक्कं होतं. रंगाशिवाय डोळा म्हणजे काय, तर उकडलेल्या अंड्यासारखा गोळा. तो गुळगुळीत करायचा आणि द्यायचा. लोक म्हणतील, याला डोळे नाहीत. काळा परत येईल. ती शेजारच्या टेबलावर राहील. इतकं सोपं होतं.

उजवा डोळा कोरताना सुरी भुवईच्या खाली जरा जास्त आत गेली. अर्धा गोळाच निघून आला. मी शिवी हासडली आणि लाकूड बाजूला ठेवायला म्हणून तिरकं केलं, तेव्हा खिडकीतला उजेड त्या खाचेत पडला.

त्यानं माझ्याकडे बघितलं.

मी हात मागे घेतला. पुन्हा हळूच लाकूड फिरवलं. खाचेत भुवईची सावली होती, सावलीची खालची कड पापणीसारखी वळली होती, आणि लाकूड हललं की ती कड सरकायची. नजर फिरत होती. तिथे डोळा नव्हताच, डोळ्यांची जागा होती, आणि उजेड तिथे येऊन डोळा होत होता. अठ्ठावीस वर्षांत आमच्या एकाही बाहुलीनं नजर फिरवलेली नव्हती. रंगवलेला डोळा जिकडे बघायला सांगावं तिकडेच जन्मभर बघतो.

आपल्या हातून आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम होतंय हे माणसाला कळतं. मला कळलं, आणि मी हातातली सुरी खाली ठेवली. कारण त्या कामाचा अर्थ एवढाच होता की शेजारच्या टेबलाची गरज नाही.

बायको पाठमोरी होती, शेवटच्या काळ्या रंगात एका म्हातारीच्या पापण्या काढत होती. मी डोक्यावर फडकं टाकलं. दुसरं लाकूड घेतलं आणि त्यातून उकडलेल्या अंड्यांचं आंधळं डोकं काढलं, ठरल्याप्रमाणे. ते खरोखर मेलेलं निघालं. दिवसभरात अकरा वेळा मी फडकं उचलून पहिल्या डोक्याकडे बघितलं. संध्याकाळी न राहवून डावा डोळाही तसाच कोरला. का कोरला म्हणाल तर मला उत्तर देता येणार नाही. घाबरलेल्या माणसाचे हात त्याचं ऐकतात असं कुणी सांगितलं?

शनिवारी कार्यशाळा बंद होताना मी दोन्ही डोकी आणि सुरी पिशवीत घातली. रविवारी दुपारी ताई झोपली होती, मी स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेलो, तर टेबलावर ते डोकं होतं. फडकं बाजूला घडी करून ठेवलेलं. बायको समोर बसली होती. किती वेळ बसली होती कोण जाणे, भाजी अर्धी चिरलेली होती आणि चिरलेल्या फोडी सुकल्या होत्या.

"कधी केलंत?"

"परवा."

"आणि मला दाखवणार कधी होतात?"

"दाखवणार नव्हतो. जाळणार होतो."

"जाळणार होता, तर घरी कशाला आणलंत? तिथे काय काड्या नव्हत्या?"

मी म्हणालो, "दुसरं केलंय मी, नापास होणारं. तेच द्यायचं. हे विसरून जा."

तिनं पिशवीतून ते दुसरं काढलं, क्षणभर बघितलं आणि मेलेल्या उंदरासारखं दोन बोटांत धरून परत ठेवलं. "हे दिलं की मला ठेवतील. कशासाठी ठेवतील?"

"म्हणजे?"

"हे असले डोळे रंगवायला? आता हे बघितल्यावर?" तिनं पहिल्या डोक्याकडे बोट केलं. "मला एक खरं सांगा. तुम्हाला भीती कशाची वाटतेय? मी गोदामात जाईन याची, की तुम्हाला माझ्यावाचून जमलं याची?"

हातातला पाण्याचा पेला मी न पिताच ओट्यावर ठेवला.

ती उठली, खिडकीचा पडदा अर्धा ओढला आणि डोकं हातात घेऊन उजेडात हळूहळू फिरवू लागली. उजवीकडून डावीकडे, वर, खाली. मी तिच्या तोंडाकडे बघत होतो. ती रडेल असं वाटलं होतं. तिच्या कपाळाला आठी पडली.

"डावा मेलाय," ती म्हणाली.

"काय?"

"डावा डोळा हो. उजवा बघतो, डावा नुसता उघडा आहे. तुम्हाला दिसत नाही?"

मी बघितलं. मला दिसलं नाही. तिनं डोकं माझ्यासमोर नाचवलं, "हे बघा, आता बघतोय... आता नाही... आता एकटा उजवा," आणि मग दिसलं, आणि दिसल्यावर त्याशिवाय दुसरं काही दिसेना. उजवा चुकून झाला होता. डावा मी उजव्याची नक्कल करून काढला होता. दोन डोळे एकाच वस्तूकडे बघतात तेव्हा त्यांच्या सावल्या सारख्या नसतात. अठ्ठावीस वर्षं ती याच सावल्या रंगात काढत आली होती. मी फक्त लाकूड देत होतो.

"सुरी द्या."

"तू कोरणार?"

"नाही, भाजी चिरणार. द्या."

तिनं सुरी चुकीची धरली होती. मी सांगायला गेलो, तिनं ऐकलं नाही. डोकं उजेडात धरून, अंगठ्यानं सावलीची कड दाबून ठेवावी तसं करून, तिनं पापणीखालून एक पातळ साल काढली. नखाएवढी. एवढंच.

मग तिनं डोकं टेबलावर ठेवलं आणि दोघांनी आमच्याकडे बघितलं. म्हणजे दोन्ही डोळ्यांनी. बायको एक पाऊल मागे सरकली. मी तर आधीच भिंतीला टेकलो होतो.

"हे द्यायचं," ती म्हणाली.

"आणि मग?"

"मला काय माहीत मग काय."

सोमवारी सकाळी मी पिशवीत हळूच मेलेलं डोकं घातलं. तिनं माझ्यादेखत ते काढलं, मागच्या खोलीचं दार वाऱ्यानं आपटायचं तिथे अडकवून ठेवलं, आणि जिवंत डोकं पिशवीत घातलं. बसमध्ये पिशवी तिच्या मांडीवर होती. कार्यशाळेच्या पायऱ्या चढताना माझे गुडघे खरोखर वाजत होते, सांधेदुखीनं मागून विचारलंही, "तुम्हालाही लागलं का माझं?"

कार्यशाळेच्या मोठ्या दालनात पडदे ओढलेले. दिवे पूर्वी सहा होते, आता एक. समोर खेळवाले, त्यांच्या म्होरक्या बाई, कमीसाहेब आणि ट्रे घेतलेले काका. बाईंनी डोक्याला दोऱ्या अडकवल्या आणि ते दिव्याखाली उचललं.

डोक्यानं मान खाली घातली. डोळे मिटले. मान वर आली आणि डोळे उघडले. कुणी काही केलं नव्हतं, दिव्यानं केलं होतं. मग ते डावीकडून उजवीकडे एकेका माणसाकडे बघत गेलं. ज्याच्यावर नजर यायची तो खुर्चीत जरासा सरकायचा. काकांवर आली तेव्हा ट्रेवरचा काळा रंग हिंदकळला. बाईंचे हात थरथरायला लागले, आणि हात थरथरले तसे त्या डोळ्यांत काय आलं ते मी सांगणार नाही. बाईंनी डोकं खाली ठेवलं. "याच्यासाठी आम्हाला नवा खेळ बसवावा लागेल," त्या म्हणाल्या. "आमच्या जुन्या खेळांत एवढं बघणारं कुणी नाही."

कमीसाहेब उठले. त्यांचे डोळे भरून आले होते.

"कोणी केलं?"

एवढा साधा प्रश्न. 'मी' म्हटलं असतं तर ती गेली असती. 'तिनं' म्हटलं असतं तर मी गेलो असतो, आणि खरं सांगतो, मला तेही नको होतं. ताईचा वाटीवर दाबणारा अंगठा माझ्या नजरेसमोर होता. 'दोघांनी' म्हटलं असतं तर दोनातून एक वजा करायला त्यांना कितीसा वेळ लागणार होता?

"उजवा डोळा यांनी," बायको म्हणाली. आवाज अगदी कोरडा, भाव विचारल्यासारखा. "डावा मी."

कमीसाहेबांनी डोक्याकडे बघितलं. उजवा डोळा झाकला, मग डावा झाकला. बराच वेळ. "म्हणजे दोघं लागतात," ते म्हणाले.

मी रिकाम्या पिशवीची घडी घालायला घेतली.

"दोन डोळे आहेत म्हणून दोघं लागतात," ते म्हणाले. त्यांचा चेहरा उजळला होता, कोडं सुटलेल्या पोरासारखा. "पुढच्या सोमवारी एकच डोळा करा. मग आपल्याला कळेल."

काय कळेल ते त्यांनी सांगितलं नाही. काकांनी काळा नेला, ब्रश नेले. बायकोच्या टेबलावर आता काहीच नव्हतं, एक गोल डाग सोडून, जिथे पाण्याचं भांडं असायचं.

आम्ही माझ्या टेबलाशी आलो. मी नवं लाकूड पकडीत बसवलं, कारण दुसरं काय करायचं ते सुचत नव्हतं. तिनं पकड सैल केली, लाकूड फिरवलं आणि पुन्हा आवळली. उजवी बाजू, माझी बाजू, उजेडाकडे आली. तिची अंधारात गेली. मी पकड सैल केली आणि लाकूड उलट फिरवलं. तिनं परत फिरवलं. आम्ही एकमेकांकडे बघत नव्हतो. सांधेदुखी उभ्या उभ्या आमच्याकडे बघत होता आणि त्यानं पहिल्यांदाच कसलीही कुरकुर केली नाही.

चौथ्या की पाचव्या वेळी लाकूड मध्येच थांबलं, नाक सरळ खिडकीकडे. ती तशीच बघत राहिली. मग तिनं नखानं एक रेघ ओढली, आडवी, डावीकडून निघून नाकाच्या मुळावरून उजवीकडे जाणारी. एकच खाच.

"एकच भुवई, एकच सावली," ती पुटपुटली. "डावीकडून बघणाऱ्याला डावा डोळा दिसेल, उजवीकडून बघणाऱ्याला उजवा. आहे एकच."

"समोरून?"

"समोरून..." तिनं मान तिरकी केली, आणि मीही केली, आणि आम्हा दोघांना ते एकाच वेळी दिसलं. समोरून ते डोकं तुमच्याकडे बघणार नव्हतं. ते तुमच्या आत कुठेतरी बघणार होतं. दोन डोळ्यांच्या डोक्याला ते कधीच जमलं नसतं.

ते फार चांगलं होणार होतं. आधीच्यापेक्षा चांगलं. आणि तेच भीतीचं होतं, कारण कमीसाहेबांचं पुन्हा खरं ठरत होतं, आणि यानंतर सोमवार होता, आणि त्याच्यानंतरही सोमवार होता, आणि आमच्याकडे आता देण्यासारखं फारच थोडं उरलं होतं. पण ती खाच एकट्यानं कापता येणार नव्हती. एकानं लाकूड उजेडात फिरवत धरायचं आणि दुसऱ्यानं सावलीमागून सुरी न्यायची. मधोमध, नाकाच्या मुळावर, हात बदलायचे. कुठला भाग कुणाचा, ते नंतर आम्हालाही सांगता आलं नसतं.

तिनं माझ्या हातातून सुरी घेतली. या वेळी नीट धरली होती.

"घाबरलात?"

"हो."

"मीपण," ती म्हणाली. "घट्ट धरा. मी सांगेन तेव्हाच फिरवा."